मागच्या दाराचं कुलूप

इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, पोरांकडून करून घ्यायचा, ही माझी पद्धत. दारव्ह्यात मला नाटकवाल्या मॅडम म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी फळ्यावर 'स्कल्क' होता. भीतीने किंवा वाईट हेतूने, कोणाच्या नजरेस न पडता वावरणं. पोरांनी चोर केले, दुधावर टपलेलं मांजर केलं, वर्ग हसून बेजार झाला. मग अतिया उठली. ती याच वर्षी गावात आली होती, आमच्या मागच्या गल्लीत मामाकडे राहायची.

तिने चपला हातात घेतल्या. भिंतीला खांदा घासत, मान खाली घालून दारापर्यंत गेली, कडी चाचपली. मग खिशातून काहीतरी काढल्यासारखं करून दाताखाली धरलं आणि तोंडाने 'कट' असा आवाज केला.

ती चाल माझ्या ओळखीची होती. माझे यजमान नंदकिशोर कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. सरकी दाताने फोडून कापसाचा ओलावा सांगायचे, आणि ती सवय घरीही सुटली नव्हती. भाव कोसळले त्या वर्षांत ओला कापूस परत पाठवायचा हुकूम वरून यायचा, शिव्या मात्र यांनी खायच्या. भर बाजारात कोणी कॉलर धरली, तेव्हापासून ते मागच्या गल्लीतून घरी येऊ लागले, चपला हातात घेऊन. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तापाने गेले. एकटीला भीती वाटायची, म्हणून मी मागच्या दाराला आतून कुलूप घातलं.

हे कुठे पाहिलंस, असं मी अतियाला विचारलं.

"तुमच्याच मागच्या दाराशी, मॅडम. एक जण रोज दिवेलागणीले येते. कडी चाचपते अन् वापस जाते. पन त्याच्या मनात वाईट नाही वाटत. त्याले हा शब्द लागते का?"

 मला वर्गासमोरच रडू आलं.

संध्याकाळी मी पुढचं दार सताड उघडून बसले. कोणाचा पैचा गैरव्यवहार न केलेला माणूस मेल्यावरही लपूनछपून येतो, याचा मला संताप आला होता. त्यांनी ताठ मानेने समोरून यावं, एवढंच मला हवं होतं.

मागची कडी हळूच हलली.

"समोरून या," मी म्हणाले. "आता कोणी काही म्हनत नाही तुमाले."

पलीकडे 'कट' वाजलं. मग पावलं दूर जाऊ लागली. मी धावत जाऊन कुलूप काढलं, तशी ती परत फिरून दाराशी येऊन थांबली.

गल्ली रिकामी होती. उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला नीट काढून ठेवलेल्या होत्या. मी बाजूला सरले आणि त्यांना आत यायला वाट दिली.