वाढत्या अंगाचं मशीन

राकेशने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पडद्यावर मनवाची बंदूक पुन्हा क्षणभर अडकली. सुटली तेव्हा समोरच्याने तिला टिपलं होतं. सरावाच्या डावात हे तिसऱ्यांदा झालं. चार वाजता बंगळुरूच्या एका गेमिंग संघाची ऑनलाइन निवड चाचणी होती. बत्तीस जणांतून एक जागा, आणि त्या एका जागेसाठी भाचीने वर्षभर जिवाचं रान केलं होतं. आता तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मामा, तुला ऑफिसच्या चारच्या शिफ्टला उशीर नाही ना होत?" मनवाने मागे न बघता विचारलं.

"सुट्टी टाकलीय आज. तू खेळ."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पोरीला आपण डोळ्यांसमोर नको झालोय, असंच राकेशला वाटलं.

आणि का नको व्हावं? मशीन आलं होतं त्याच्याच शब्दावर. डिलाईल रोडच्या त्या चाळीत कॉम्प्युटरच्या बाबतीत राकेशचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच्या ऑफिसात सोळा कोअरचा, म्हणजे सोळा डोक्यांचा, प्रोसेसर ॲनिमेशनची चित्रं भराभरा काढून द्यायचा. काम सोळा जणांत वाटलं की झालं. मग गेमला तरी आठ कशाला, सोळाच घेऊ! गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, चप्पल एक नंबर मोठी घ्यावी, हे आईने शिकवलेलं शहाणपण. त्या मोठ्या चपलेपायी आपण कितीदा तोंडावर आपटलो, हे मात्र साहेब सोयीस्कर विसरले. दर रविवारी आला की तो पडद्यावर प्रत्येक कोअरचा चौकोन दाखवणारी खिडकी उघडायचा आणि बहिणीला म्हणायचा, "बघ ताई, सोळाच्या सोळा जागे!" मायाताईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण भावाच्या कौतुकाने ती मान डोलवायची.

खरं काय ते त्याला कालच कळलं, ऑफिसातल्या एकाशी बोलता बोलता. ते सोळा कोअर चिपच्या एका तुकड्यावर नव्हतेच. आठ या तुकड्यावर, आठ त्या. गेमला आठ पुष्कळ झाले. वरचे नुसते बसून राहतात. पण काम या तुकड्यावरून त्या तुकड्यावर गेलं, की माहिती आणण्यात वेळ जातो. स्वयंपाक आपल्या खोलीत आणि मीठ-मसाला शेजारणीकडे, असा सगळा कारभार. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

मायाताई चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत थांबली.

"काय रे, सोळा असून अडकतंय?"

राकेशचे कान तापले. कबूल करावं, तर बहिणीसमोर आणि भाचीसमोर. न करावं, तर पोरीचं वर्ष पाण्यात. साडेतीन झाले.

"ताई, चुकलं माझं," तो एका दमात म्हणाला. "एवढा मोठा प्रोसेसर नको होता. अर्धा बंद करायला लागेल. मनवा, मशीन रीस्टार्ट कर. चालू होताना सेटिंगचं पान येतं ना, त्यात आत कुठेतरी आहे. घाबरू नको, मी सांगतो एकेक."

त्याने मोबाईलवर टिपून आणलेल्या पायऱ्या उघडल्या.

सेटिंगचं पान आलं. राकेश पहिली पायरी वाचून काढेपर्यंत मनवाची बोटं चार मेनू खाली उतरली होती. एक तुकडा बंद झाला आणि मशीन पुन्हा सुरू व्हायला लागलं. तिने एकदाही विचारलं नव्हतं, कुठे म्हणून.

राकेशने मोबाईल हळूच खिशात ठेवला.

"कितीदा केलंयस हे?"

मनवाने हेडफोन एका कानावरून मागे सरकवला.

"तो तुकडा रोज बंदच असतो, मामा. तू येणार असलास की चालू करून ठेवते." तिने हेडफोन पुन्हा कानावर ओढला. "आज वाटलं, तू तीनपर्यंत जाशील."