उजव्या खांद्यावरचं लोणी

मी धोंडा बोलतोय. गावात मला देव म्हणतात, शेंदूर फासतात, नारळ फोडतात. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? मानला तर देव, नाहीतर धोंडा, असं तुम्हीच म्हणता. त्यातलं दुसरं खरं.

मुळशीकडच्या एका ओढ्यात मी धुण्याचा दगड होतो. बायका माझ्या पाठीवर धुणी आपटायच्या आणि सासूच्या नावानं बोटं मोडायच्या. पुढे धरणाचं पाणी चढलं, गाव डोंगराच्या कडेला सरकलं, आणि कुशाबा गुरवाच्या स्वप्नात देव आला. म्हणाला, मी ओढ्यात बुडतोय. कुशाबानं गडी नेले आणि पहिला गुळगुळीत दगड हाताला लागला तो वर आणला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला टाकी लागलीच नाही, धुणी लागली.

तेव्हापासून मी कौल देतो. माझ्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं मोगऱ्याची एकेक कळी चिकटवतात, घरातली थोरली बाई गाऱ्हाणं घालते आणि सगळे टक लावून बसतात. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोयरिकी, विहिरी, भावकीची भांडणं, सगळं माझ्या खांद्यांवर ठरतं. ज्या बाजूचं पाणी आधी सुकतं ती कळी पडते, एवढीच माझी करामत.

ही करामत एकटीला ठाऊक होती. हैबतरावाची लेक चंद्रकला. खालच्या गावच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची. एकदा अख्खा नववीचा वर्ग माझ्यापुढं आणून तिनं पोरांना सांगितलं, कळी देव पाडत नाही, ऊन पाडतं. गुरव चिडला. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं होतं.

चंद्रकलेला नवऱ्यानं टाकलं होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी आली, पुढचं शिकली, मास्तरीण झाली. पण गावाच्या लेखी ती टाकलेलीच. हळदीकुंकवाला बायका तिला टाळायच्या आणि पोराचा मार्कांचा कागद घेऊन मात्र मागच्या दारानं यायच्या. माणसाला किती तोंडं असतात ते देवळात बसल्यावर कळतं.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी तिला नायजेरियातल्या शाळेची नोकरी आली. मुंबईला जाऊन मुलाखत दिली होती, आता फक्त होकार कळवायचा होता. तो देश कुठं आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. एकानं विचारलं, एष्टी कुठवर जाते. तिलाही धास्ती होतीच. माझ्या पायरीवर बसून ती स्वतःशीच बोलली, “तिथं आपलं माणूस एकही नाही. पण टाकलेली म्हणून ओळखणारंही कुणी नाही.” उठताना तिचं ठरलं होतं.

घरात मात्र आग लागली. शेवटी हैबतरावानं तोडगा काढला. “देव व्हय म्हनला तर तुजी ट्रंक मी सोता एष्टीवर टाकतो. न्हाई म्हनला तर पुन्ना तोंड उघडायचं न्हाई.” तिनं कबूल केलं. घर मोडून नाही, घराच्या होकारानं जायचं होतं तिला. तिथंच ती चुकली.

रविवारी कौल होता. सकाळीच ती एकटी आली. फणसाच्या पानावर घरचं लोणी आणलं होतं, ते माझ्या उजव्या खांद्याला चोळलं. चैत्राचं ऊन तिकडूनच येतं. लोणी पातळ होणार, कळी घसरणार, देव होय म्हणणार. हात पुसून ती गेली, पान तेवढं पायरीवर विसरली.

थोड्या वेळानं तिची आई गोजराबाई झाडायला आली. तिनं पान उचललं. गावात फणस एकट्या हैबतरावाच्या परसात. तिनं वास घेतला, माझ्या खांद्यावरून बोट फिरवलं. मग पदराच्या टोकानं डोळे पुसले. लोणी मात्र पुसलं नाही.

ऊन चढलं, माणसं जमली. गुरवानं कळ्या लावल्या. गोजराबाईनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, “देवा, माजी लेक हितंच ऱ्हावी आसं तुज्या मनात आसंल तर उजवी दे. तिनं जावं आसं आसंल तर डावी दे.”

चंद्रकलेनं तोंड उघडलं, आणि मिटलं. बोलली असती तर लोणी उघड झालं असतं. उजवी कळी घसरली. तिनं स्वतःच्या हातानं पाडली होती.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई एकटी आली. “तू काय बोलला न्हाईस, मला ठावं हाय,” ती मला म्हणाली. “पर मरताना सुनंच्या हातचं पानी मला गोड लागनार न्हाई. मी काय करू?” म्हातारीचा मला राग आला आणि कीवही आली. त्याच पावसाळ्यात ती कावीळ होऊन गेली. शेवटचं पाणी लेकीनंच पाजलं. ज्यासाठी लेकीला अडवून ठेवलं, ते असं दोन महिन्यांत उरकलं. नायजेरियाला तिच्याच शाळेतला वाल्मीक मास्तर गेला.

आता चंद्रकला दर रविवारी येते. पोरं कौलाचं विचारतात तेव्हा हात जोडा म्हणते. ऊन आणि पाणी ती विसरली. मला नारळ वाहते आणि हळू आवाजात विचारते, “मी तुला फसवायला गेले, म्हणून आईला नेलंस ना?”

बाई, मी कुणाला नेलं नाही. तुला अडवलंही नाही. तुझ्या आईनं पान पाहिलं होतं गं. एवढं एक वाक्य बोलता आलं असतं तर देवपण ओवाळून टाकलं असतं मी.

ती काथ्या घेते आणि माझा उजवा खांदा घासत बसते. लोणी कधीच गेलं, तरी घासते. आता तिथला शेंदूरही सुटलाय आणि खालचा धुण्याचा दगड उघडा पडलाय. तिच्या डोळ्यांसमोर आहे. ती त्यालाच डोकं टेकवते.