दोन सेलवरचा ऑक्सिजन

“सोडा, सगळा श्वास सोडा. फुप्फुस रिकामं करा. आता मी सांगेपर्यंत आत घ्यायचा नाही.”

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, आमचे सेक्रेटरी डोळे मिटून बसले होते. एरवी पाण्याच्या टाकीवरून भांडताना हा माणूस एका दमात अर्धा तास बोलतो. आज त्यांचा दम बंद होता आणि भोवती सगळी इमारत जमली होती. अंतर ठेवा, अंतर ठेवा असं जो तो दुसऱ्याला सांगत होता आणि सांगण्यासाठी आणखी जवळ सरकत होता. मास्क सगळ्यांकडे होते, पण निम्मे हनुवटीवर. तोंड उघडं असल्याशिवाय आश्चर्य नीट वाटत नसावं.

खुर्चीशेजारी उभा होता तो प्राणमित्र. हे नाव त्याच्या टी-शर्टवरच छापलेलं होतं, त्यामुळे खरं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नाही. मागे हाच माणूस गुडघेदुखीवर लोहचुंबकाचे पट्टे विकायला आला होता, तेव्हा टी-शर्टवर वेगळंच काही होतं. आता त्याच्या हातात एक छोटंसं चिमट्यासारखं यंत्र होतं. ऑक्सिमीटर. बोटाला लावायचं आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे तो आकडा वाचायचा, एवढंच त्याचं काम. महामारी सुरू झाली तशी औषधांच्या दुकानांतून ही यंत्रं गायब झाली होती. विचारलं तर दुकानदार नुसता हसायचा. आणि ह्या गृहस्थाकडे खोकीच्या खोकी. त्याने यंत्राचं बारसं केलं होतं ‘प्राणयंत्र’, आणि किंमतही नावाला शोभेल अशी लावली होती.

सेक्रेटरींचा चेहरा लाल व्हायला लागला तसं त्याने यंत्र त्यांच्या बोटाला लावलं.

“वाचा, मोठ्यानं वाचा,” तो म्हणाला.

“शहाण्णव... त्र्याण्णव...” पुढचा एकजण वाचायला लागला. “एकोणनव्वद.”

गर्दीतून ‘अरे बापरे’ उमटलं. सेक्रेटरींच्या बायकोने पदराचं टोक तोंडात धरलं.

“घाबरायचं नाही. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय ते बघितलंत ना? आता यंत्राचा लाल किरण रक्तात उतरतोय. तो बोटातून ऑक्सिजन ओढून घेतो. घ्या श्वास, साहेब. खोल. अजून खोल.” असं म्हणत त्याने त्यांच्या बोटावर आपला पंजा धरला.

थोडा वेळ आकडा हलेना. मग नव्वद झाला. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी डोळे उघडले आणि म्हणाले, “काय हलकं वाटतंय.”

न वाटून सांगतं कुणाला? दम कोंडलेल्या माणसाला श्वास घेऊ दिला की हलकं वाटतं, हा चमत्कार आपण सगळे जन्माला आल्यापासून करतोय. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसायची सवय नाही.

“अहो, तुम्हीच त्यांचा श्वास थांबवलात म्हणून आकडा पडला,” मी जिन्याच्या पायरीवरून म्हटलं. “आणि श्वास घेतला म्हणून चढला. यंत्रानं काय केलं त्यात?”

“ताई अगदी बरोबर बोलल्या,” प्राणमित्र हात जोडून म्हणाला. असल्या माणसांचं हेच असतं, ती विरोध करतच नाहीत. “श्वास तर घ्यायलाच पाहिजे. यंत्र लावून घेतला की दुप्पट लागू पडतो. आणि एक लक्षात ठेवा मंडळी, आकडा कमी आला तर बोट थकलेलं असतं. बोट बदला. निसर्गानं दहा दिलीत.”

लोक हसले. माझ्यावर. पहिलं खोकं बघता बघता रिकामं झालं.

रांगेत माझा सख्खा मोठा भाऊ होता. चौथ्या मजल्यावर राहायचा, मी पहिल्या. दादाचं चष्म्यांचं दुकान. सगळा जन्म लोकांना खुर्चीत बसवून समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावण्यात गेला.

“दादा, तू सुद्धा?” मी म्हटलं. “तुझ्या दुकानातला तो तक्ता वाचून कुणाची नजर सुधारली का रे आजवर?”

“असू दे गं घरात. फायदा नाही झाला तर नुकसान तरी काय?” तो म्हणाला. “शाळा बंद आहे तरी तुझं शिकवणं काही बंद होत नाही.” आणि हसत हसत यंत्र खिशात टाकून वर गेला.

नुकसान काय. हा प्रश्न विचारणारी माणसं उत्तर ऐकायला थांबत नाहीत.

पुढे दादाला ताप आला आणि तपासणीत जे यायचं तेच आलं. त्यांचा मजला बंद केला. मुलगा दूरच्या शहरात अडकलेला, घरात दादा आणि वहिनी दोघंच. मी डबा जिन्यात ठेवायची, बेल वाजवून खाली यायची, आणि मग आम्ही फोनवर बोलायचो. वहिनी मुळात कमी बोलणारी. दादा बोलायचा, पण वाक्याच्या मधेच थांबायचा. ते मला आवडलं नाही.

“वहिनी, त्याला धाप लागते आहे. डॉक्टर काय म्हणाले?”

“ऑक्सिजन लावा म्हणाले, ताई.”

“मग?”

“लावलाय ना. सकाळपासून लावलाय. काढलाच नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, मुलाने ओळखीपाळखीतून सिलिंडर मिळवला असणार. तेव्हा लोक सिलिंडरसाठी कुणाकुणाचे पाय धरत होते. चला, पोरानं केलं काहीतरी, असं म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही मी हेच विचारलं आणि वहिनीनेही तेच सांगितलं.

लावला. दिवाही लावतात, कुलूपही लावतात आणि मलमही लावतात. ह्या एका क्रियापदाने माझा भाऊ खाल्ला.

मग वहिनीचा फोन आला की दादा खुर्चीतून उठताना कोसळला आणि हाक मारली तर भलतंच काही बोलतोय. मी अँब्युलन्स बोलावली. ती आली, अंगभर पांढरे पोशाख चढवलेल्या दोघांनी त्याला खाली आणलं. इमारतीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. वहिनी त्याच्याबरोबर बसली, मी रिक्षाने मागोमाग गेले.

रुग्णालयाच्या दारातच एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकावर मास्क चढवला आणि वहिनीला विचारलं, “घरी ऑक्सिजन चालू होता?”

“हो. तीन दिवस.”

“किती लिटरवर होता?”

वहिनीला प्रश्न कळला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग परत त्यांच्याकडे.

“लिटर नाही हो. सेल आहेत दोन,” ती म्हणाली. “कालच नवीन घातले.” आणि तिने दादाचा हात वर करून दाखवला. मधल्या बोटाला ते यंत्र होतं. लाल दिवा चालू होता आणि आकडा होता एकाहत्तर.

डॉक्टरीणबाईंनी वाकून आकडा वाचला. मग “आत घ्या, लवकर,” एवढंच म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर वहिनीने मला सगळं सांगितलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर म्हटलं होतं, ऑक्सिजन लावावा लागेल. तिने सांगितलं, लावलाय. त्या बिचाऱ्यांना दिवसाला शेकड्याने फोन. त्यांनी विचारलं, किती येतोय? ती म्हणाली, त्र्याण्णव. सिलिंडर लावून त्र्याण्णव येतोय असं समजून ते म्हणाले, ठीक आहे, तसाच चालू ठेवा, कमी झाला तर सांगा. तिने चालू ठेवला.

“आणि कमी झाल्यावर?”

“कमी झाला तेव्हा बोट बदललं. अंगठ्याला अठ्ठ्याऐंशी यायचा, करंगळीला एक्याण्णव. मग करंगळीलाच ठेवला. नंतर तिलाही कमी यायला लागला तर मी त्या प्राणमित्राला फोन केला. तो म्हणाला, बोटं थकलीत, तेल लावून चोळा. मी रात्रभर त्यांची बोटं चोळत होते, ताई.”

माझ्या तोंडात शिव्या होत्या, पण त्या तिच्यासाठी नव्हत्या.

दादा गेला. नळ्या लावल्या, खरा ऑक्सिजन दिला, डॉक्टरांनी जे करता येईल ते सगळं केलं. ‘थोडं आधी आणायला हवं होतं,’ असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे पाहून मला कळलं की आज हे वाक्य त्यांनी बऱ्याच जणांना ऐकवलंय. त्याला आम्हाला नीट बघूही दिलं नाही. कपडे, चष्मा आणि ते यंत्र एका पिशवीत घालून आमच्या हातात दिलं.

आमचं घराबाहेर न पडण्याचं बंधन संपलं त्याच आठवड्यात पार्किंगमधून ओळखीचा आवाज आला. “सोडा, सगळा श्वास सोडा.”

मी चौथ्या मजल्यावर जाऊन यंत्र घेतलं आणि खाली उतरले. गर्दी पहिल्यापेक्षा मोठी होती, शेजारच्या इमारतीतलेही आले होते. मला बघून लोक बाजूला झाले. दुःखातल्या माणसाला वाट देण्याची रीत आहे, तिचा मी त्या दिवशी पुरेपूर फायदा घेतला.

“ताई, ऐकून फार वाईट वाटलं,” प्राणमित्र म्हणाला. “दादांचा विश्वास जरा कमी पडला.”

“तुमचं चालू द्या,” मी म्हटलं. “फक्त आधी मला बसू द्या.”

मी खुर्चीत बसले, दादाचं यंत्र बोटाला लावलं आणि नेहमीसारखा श्वास घेत राहिले. सेक्रेटरींना आकडा वाचायला लावला.

“अठ्ठ्याण्णव,” ते म्हणाले.

“आता बघा.” मी सगळा श्वास सोडला आणि नाक दाबून बसले. छाती फुटायची वेळ आली. सेक्रेटरी वाचत होते. पंच्याण्णव. ब्याण्णव. नव्वद. मग मी नाक सोडलं. थोडा वेळ आकडा आणखी घसरला, मग चढत चढत पुन्हा अठ्ठ्याण्णववर आला. माझ्या बोटावर कुणाचाही पंजा नव्हता.

“छातीत घेतलेली हवा रक्तातून बोटापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो,” मी धापा टाकत म्हटलं. “तेवढ्या वेळात हा आपलं भाषण उरकतो. लाल किरण काहीही ओढत नाही. यंत्र तो बोटातून पलीकडे पाठवतं आणि रक्तानं किती उजेड अडवला ते मोजतं. वजनकाट्यावर उभं राहून कुणी बारीक होत नाही, तसंच हे. आकडा यानं वाढवला नाही. आधी पाडला आणि मग जागेवर येऊ दिला.”

सेक्रेटरी आपल्या बोटाकडे बघत होते.

“मी कुठं म्हटलं हा इलाज आहे म्हणून?” प्राणमित्राचा आवाज एकदम बदलला. “मापायचं यंत्र आहे. खोक्यावर लिहिलंय. वाचता येत नाही का लोकांना?” आणि तो भराभर खोकी गाडीत टाकायला लागला.

सगळ्यात कडू गोष्ट ही की खोक्यावर खरंच तसं लिहिलं होतं. यंत्र अस्सल होतं. तीन दिवस ते आमच्याशी खरं बोलत होतं. अठ्ठ्याऐंशी म्हणालं, पंच्याऐंशी म्हणालं, माणूस चाललाय म्हणून सांगत राहिलं. घरात खरं बोलणारं तेच एक होतं आणि आम्ही त्याला बोट बदलायला लावत होतो.

मग एकदम गलका झाला. पैसे परत दे, धरा त्याला, गाडी अडवा. सेक्रेटरींनी पोलिसांना फोन लावला. ज्यांनी माझ्यावर हसून यंत्रं घेतली होती तेच आता ती परत करायला सगळ्यांत पुढे.

“परत करू नका.”

आवाज वहिनीचा होता. ती कधी खाली आली ते मला कळलंच नाही. एवढ्या लोकांसमोर बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“यंत्र चांगलं आहे, घरात ठेवा,” ती म्हणाली. “शांत बसून, नेहमीसारखा श्वास घेत लावा. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना कळवा. आणि नुसतं ‘लावलाय’ असं सांगू नका. काय लावलंय ते सांगा. सिलिंडर की चिमटा, ते सांगा.”

“पण वहिनी, एखाद्या बोटाला चुकून कमी दाखवत असेल तर?” मागून कुणीतरी विचारलं. अजूनही.

वहिनीने त्या माणसाकडे पाहिलं. ती चिडली नाही. मी असते तर चिडले असते.

“मी दहाही बोटं लावून पाहिली, भाऊ,” ती म्हणाली. “दहाही बोटांत रक्त एकाच माणसाचं असतं. आकडा कमी आला तर बोट बदलत बसू नका. माणसाला घेऊन निघा.”