खापरखेड्याची घरभेट

"त्या घरात दारू कोण पिते जी, आजी?"

शेजारच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या म्हातारीने मान वर केली. विचारणारी बाई साठी ओलांडलेली, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली, आणि चेहरा असा की कोणालाही आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"काहून वं बाई? तुले प्यायची हाय काय?"

प्रेमलताबाई गजभिये हसल्या नाहीत. चौकशी करताना हसायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त होती. "तसं नाही आजी. त्या रामटेक्यांच्या पोरीले पाहाले आलो आम्ही. म्हटलं, आधी शेजारी इचारून घ्यावं."

"इचार मंग. दारू कोणीच पित नाही. पोरीचा बाप दिवसभर चहा पिते, बस."

"भांडणं?"

"होतात नं. एक बुढी हाय त्या घरात, मोठी कजाग. सुनेले धड बसू देत नाही, धड झोपू देत नाही."

"आन् पोरगी?"

"सोनं हाय सोनं! बुढीवरच गेली ते."

प्रेमलताबाईंनी यातलं 'सोनं' तेवढं ध्यानात घेतलं, 'बुढीवर गेली' याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. आभार मानून त्या कोपऱ्यावरच्या ऑटोकडे वळल्या.

त्यांची सारी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून झाली होती. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला कधीकधी कोर्ट तुरुंगात धाडत नाही, चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी नेमतं. ते कोणीतरी म्हणजे प्रेमलताबाई. नागपूर जिल्ह्यातल्या किती घरांत त्या शिरल्या असतील याला गणती नाही, पण घराचं खरं शेजारच्या ओट्यावर कळतं यावर त्यांचा ठाम विश्वास. निवृत्त झाल्या तर इंदोऱ्याच्या वस्तीने त्यांना महिला मंडळाच्या अध्यक्ष करून टाकलं, आणि नळावरच्या भांडणापासून घटस्फोटापर्यंत सगळी प्रकरणं पुन्हा त्यांच्याच दारात. जित्याची खोड सुटावी कशी? लग्नाचं स्थळ पाहायला आल्या, तरी आधी चौकशी!

ऑटोजवळ रोशन पुन्हा एकदा केस विंचरत होता. तिशीला आलेला हा उंचापुरा गडी शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. एका दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करताना तिथल्या प्रीती सिस्टरशी त्याची ओळख झाली आणि दोघांचं जमलं. ती याच घरची मुलगी. पण एक गोष्ट राहिली होती. एकोणिसाव्या वर्षी मित्रांच्या नादाने त्याने बंद कारखान्यातली तांब्याची तार चोरली होती, आणि कोर्टाने त्याला दोन वर्षं प्रेमलताबाईंच्या देखरेखीखाली सोडलं होतं. प्रीतीला त्याने सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "बाबाले तूच सांगजो. ते नाही म्हणाले, तर मले बी नाही म्हणावं लागन."

"मीच सांगतो मॅडम," रोशन म्हणाला. "तुम्ही नका बोलू."

"नाही बोलत बापा. आधी तो कंगवा खिशात ठेव."

घरात दादाजी रामटेके, म्हणजे प्रीतीचे वडील, तयारच बसले होते. खापरखेड्याच्याच वीज केंद्रातून नुकतेच निवृत्त झालेले, सरळ आणि थोडे तापट. जय भीम झाला, पाणी झालं. मग आतून पोह्यांचा ट्रे आला, आणि ट्रेमागून ओट्यावरची म्हातारी.

"जय भीम बाई. मीच ते कजाग बुढी, भीमाबाई. या दादाजीची माय."

प्रेमलताबाईंचा पाण्याचा पेला ओठापाशीच थांबला. भीमाबाईंनी ओट्यावरची सगळी चौकशी, बाईंच्या आवाजाच्या नकलेसकट, घराला ऐकवली. दाराच्या चौकटीत उभी असलेली प्रीती तोंडावर ओढणी धरून हसत होती. दादाजी मात्र हसले नाहीत.

"चुकलं आजी माझं," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"चुकलं कशाले? पोरगी देताना आम्ही बी इचारतोच. आता माही पाळी. सांग, तुह्या पोराले काय खोड हाय?"

झालं! प्रेमलताबाईंच्या जिभेवर रोशनची सगळी चांगली बाजू आली होती. मोठमोठ्या न्यायाधीशांपुढे त्यांनी पोरांसाठी शब्द टाकला होता. पण हा शब्द त्यांचा नव्हता. त्यांनी फक्त रोशनकडे पाहिलं.

रोशन उभा राहिला. "मी सांगतो आजी." आणि त्याने सांगितलं. तार, पोलीस, कोर्ट, काहीच गाळलं नाही. बोलता बोलता त्याच्या कपाळावर ऐन थंडीत घाम आला.

दादाजींनी हातातली बशी खाली ठेवली. ते प्रेमलताबाईंना म्हणाले, "म्हंजे तुम्ही याच्या मावशी-गिवशी नाही. याच्यावर नजर ठेवाले नेमलेल्या सरकारी बाई."

"हो. दोन वर्षं होते."

"ते तं कधीचंच संपलं. मंग आज काहून आल्या जी?"

हा प्रश्न त्यांना कोणत्याही कोर्टाने विचारला नव्हता. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"मुदत संपली, तरी रविवार आला का माहे पाय याच्याच घराकडे वळत. हा बी चहा ठेवून बसलेला राहे. याची माय गेली होती दादाजी, आन् मी एकटी बाई, लग्न केलं नाही. कोण कोणावर नजर ठेवून राहिलं होतं, मले नाही सांगता येत."

बाहेरून कोळशाची मालगाडी जात होती, तिचा आवाज खोलीभर झाला.

"काहून गा दादाजी," भीमाबाईंनी कोपऱ्यातलं शेंगांचं टोपलं पुढे ओढलं. "पोट्टा होता तवा रेल्वेचा कोळसा कोण आणे रे घरी?"

"माय! पाहुणे बसले हायेत!"

"पोतंपोतं आणे. मी रांधो त्याच्यावर. तुले कोणी धरलं नाही, एवढाच फरक."

दादाजींचे कान लाल झाले. आधी प्रीतीचं हसू फुटलं, मग रोशनला आवरेना, आणि शेवटी दादाजी स्वतःच मांडीवर थाप मारून असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पोह्यांची बशी रोशनपुढे सरकवली. "खा बापा, खा. थंडे होऊन राहिले. प्रीती, साखर आण वं!"

साखरेने सगळ्यांची तोंडं गोड झाली. प्रेमलताबाईंना इतका आनंद झाला की काय करावं ते कळेना, म्हणून त्या उठून सरळ मागच्या अंगणात गेल्या. तिथे प्रीतीची आई रंभाबाई चुलीवर मडकं पालथं घालून लंबी रोटी करत होती. घरात एवढं रामायण झालं, त्यातलं अक्षरही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. कणीक दोन्ही हातांवर झुलवत, लांबवत ती मडक्यावर टाकत होती.

"द्या, मी करतो एक," प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून बसल्या. पहिली रोटी हातावरच फाटली. रंभाबाई खळखळून हसली.

"होते जी तसं. घरी कोणकोण हाय तुमच्या?"

पुढच्या खोलीतून दादाजी आणि रोशन यांचं हसणं ऐकू येत होतं. प्रेमलताबाईंनी कणकेचा दुसरा गोळा उचलला.

"एक पोरगा हाय," त्या म्हणाल्या.