नवं कार्ड

टीव्हीच्या डब्ब्यातलं जुनं स्मार्ट कार्ड कंपनीनं बंद केलं, अन् नव्या कार्डापायी मला पडेगावातून शहरात तीन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला दुकानदार म्हणाला, डब्ब्याचा नंबर आणा. नंबर नेला, तर म्हणाला, ज्यांच्या नावावर डब्बा त्यांनाच आणा. आधीच सांगायला त्याच्या तोंडाला काय झालं होतं?

डब्बा माझ्या सासऱ्यांच्या, भिकनमामांच्या नावावर. अन् मामा तर घराबाहेर पडेनात. सलग तिसऱ्या साली पाऊस नाय. चराईचं रान वाळलं, अन् वाळल्या रानात लगेच प्लॉट पडले. मामांनी सगळ्या मेंढ्या विकल्या. तवापासून ते बंद टीव्हीसमोर बसून असायचे.

शेवटी मामांना रिक्षात घालून नेलं अन् कार्ड आणलं. ते मामांच्या हातात देऊन मी चहा ठेवायला गेले. बाहेर येऊन बघते, तर मामांनी कार्ड डब्ब्यात घातलेलं, पण टीव्हीवर नुसतंच लिहून आलेलं, "कार्ड घाला." डब्ब्यातून ओढून काढलं, तर कार्ड पिवळंजर्द! मामांनी खंडोबाचा भंडारा तेलात कालवून चिपेवर चोळला होता.

माझं डोकंच फिरलं. "मामा, भंडारा लावायला हे काय कोकरू हाय व्हय?"

मामांनी बोटं धोतराला पुसली.

"कोकरू जन्मलं की लावायचोच ना, शीला," ते म्हणाले. "औंदा कोकरू कुठंय? नवं म्हणून घरात येवढंच आलं."