थरथर थांबली तरी

झोपेत मी थरथरत नसे. जागी होऊन उभी राहिले की आधी मागचे पाय हलायचे, मग पाठ, शेवटी मान. मित्रांनो, मी बेळगावकडच्या परशुराम धनगराच्या कळपातली मेंढी. गोवा राज्य झाले त्या वर्षीच्या थंडीत, तिथल्याच हळर्ण गावच्या कापणी झालेल्या शेतात जन्मले. जमिनीला खत मिळावे म्हणून आमचा कळप दर वर्षी तिथे बसवत.

माझ्या अंगावर लोकरीऐवजी लांब, राठ केस होते. शेतमालक जयराम हसून म्हणाले, "मेंढयेन शेळयेचो झगो घातलो मरे!"

मला आचळ धरता येत नसे. परशुरामची बायको शेवंता मला मांडीवर घेऊन पाजायची. परशुरामने बिरोबाला नवस केला: पिल्लू स्थिर झाले तर ते देवाचे, विकणार नाही, कळपातून काढणार नाही. चार महिन्यांत थरथर थांबली. भंडारा लावून त्याने मला कळपात सोडले. गाभण मेंढ्या मला खेटून बसत. मला त्याचे फार सुख वाटे.

पुढच्या दोन हिवाळ्यांत तरण्या मेंढ्यांचे गाभ गळले. जन्मलेली कित्येक पिल्ले माझ्यासारखीच थरथरत मेली. शेवंता त्यांना बांधाशी पुरायची.

तिसऱ्या वर्षी जनावरांच्या डॉक्टर वर्षाबाईंनी तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा सगळ्या कळपाचे रक्त तपासून घेतले. माझ्याच रक्तात दोन्ही वेळा विषाणू निघाला. तो आईच्या पोटातच माझ्यात आला होता आणि जन्मभर राहणार होता; माझ्यापासून तो गाभण मेंढ्यांना लागून त्यांची पिल्ले मरत होती. "हिचा दोष नाही," वर्षाबाई म्हणाल्या, "पण गाभण मेंढ्यांत हिला ठेवू नका." जयरामांनी आपली कुंपणाची काजूबाग देऊ केली. तिथे गुरे नव्हती, शेळ्याही नव्हत्या. परशुरामने नवसाला भिऊन मला महिनाभर कळपातच ठेवले.

मित्रांनो, असे पिल्लू जन्मले तर त्याला जीव लावा, पण त्याचे रक्तही वेळेवर तपासून घ्या.

एका सकाळी शेवंताने आणखी एक मेलेले पिल्लू परशुरामपुढे ठेवले. "अवो, देवाला ही एक बोलला व्हता. बाकीची पिल्लं कुणी बोलली व्हती?"

परशुराम उठला. त्याने माझ्या गळ्यात दोर बांधला. मी सुरीच्या भीतीने डोळे मिटले. मग त्याचे बोलणे कानावर आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

"देवाची ती देवाचीच. पर आजपासनं काजूच्या बागंत ऱ्हाईल, कळपात न्हाई."