तलावकाठचा लाल दगड

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. कळंब्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एक तलाव आहे. त्याच्या काठावर तुम्ही मला पाहिले असेल. अंगाला लाल रंग, गळ्यात झेंडूची माळ. पण हात जोडण्याआधी माझे थोडे ऐका.

मी देव नाही. म्हशी राखणाऱ्या यल्लाप्पाने मला इथे पुरले. वीटभट्टीसाठी कुणी काठाची माती खोल उकरून नेली होती. पाऊस आला, खड्डा भरला, वर हिरवे शेवाळ पसरले आणि तिथे खड्डा आहे हे कळेनासे झाले. त्यात यल्लाप्पाची गाभण म्हैस बुडाली. तो दिवसभर काठावर बसून रडला. मग त्याने मला ओढत आणून खड्ड्याच्या तोंडाशी उभे केले आणि बिद्रीच्या साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाडीला लावून उरलेला लाल ऑइलपेंट माझ्या अंगाला फासला. "आता ह्याच्या फुडं कुणी जायचं न्हाय," तो म्हणाला. मला केवढा अभिमान वाटला होता! मी राखणदार झालो होतो.

पुढे शहरातले लोक पहाटे फिरायला येऊ लागले. तलावाभोवतीची वाट सोपी आहे, चढ फारसा नाही आणि धुक्यात पाणी मोठे देखणे दिसते. त्यांनी लांबूनच लाल रंग पाहिला, पायातले काढले आणि थेट माझ्याजवळ आले. जिथून मागे फिरायचे, तिथेच ते डोळे मिटून उभे राहिले! कुणी नारळ फोडला, कुणी तांब्याभर पाणी घातले. मग रोजच पाणी पडू लागले आणि माझ्या पायाखालची माती भुसभुशीत झाली. शिवाय देव म्हटल्यावर प्रदक्षिणा आलीच. माझ्या मागे तर खड्डाच होता.

शहरातल्या राजारामपुरीच्या मीनाबाई रोज येत. त्यांची मुलगी प्रीती तापाने अंथरुणाला खिळली होती. ती बरी झाली आणि श्रावणातल्या एका पहाटे मायलेकी दोघी आल्या.

"ह्येनंच तुला उठीवली. घाल की येक फेरी," मीनाबाई म्हणाल्या.

"आई, मागं लई निसरडं हाय गं."

"देवाजवळ कसली भीती?"

प्रीती माझ्या मागे आली. मला ओरडायचे होते, पण दगडाला तोंड कुठले? काठ खचला आणि ती छातीपर्यंत गाळात गेली. तिने मला मिठी मारली. मी कलंडलो, पण पडलो नाही. कसा तग धरला ते मलाच ठाऊक नाही. म्हशी सोडून यल्लाप्पा धावत आला आणि त्याने कासरा टाकून तिला बाहेर ओढले. मग तो मीनाबाईंवर खेकसला, "देव न्हाय त्यो! धोका हाय, धोका!"

मीनाबाईंनी माझ्यापुढे लोटांगण घातले होते. "धोका कसला? पोरीला ह्येनंच धरून ठेवली की!"

ही गोष्ट शहरभर झाली आणि त्या रविवारी इथे जत्रा लोटली. यल्लाप्पा माझा लाल रंग झाकायला चुन्याचा डबा घेऊन आला, तर लोक त्याच्या अंगावर धावून गेले. तो पुन्हा इकडे फिरकला नाही. आता माझ्याभोवती फरशी घालायची म्हणतात, प्रदक्षिणा सोयीची व्हावी म्हणून.

मित्रांनो, मी अजून कललेलाच आहे. रोज पाणी पडते, रोज थोडा अधिक कलतो. पुढच्या वेळी कुणी मला मिठी मारली, तर मी त्याला घेऊनच खाली जाईन. मला फार भीती वाटते. माझी खरीच काळजी असेल तर हार नको, नारळ नको, पाणी तर नकोच. लाल रंग दिसला की लांबूनच मागे फिरा, आणि सोबत कुणी असेल तर त्यालाही हाताला धरून मागे न्या.